घुमीची पाउणकी

जैबुन्निसाने त्या सकाळी तांदूळ निवडता निवडता नवऱ्याचं एक वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. "चार नि दोन सहा. सहा पाउणे साडेचार," एवढंच ते होतं. बायका नवऱ्याची निम्मी वाक्यं अशीच सोडून देतात, नाहीतर चाळीस वर्षं संसार कोण करेल? पण हे वाक्य सोडण्यासारखं नव्हतं. ते तिला कळेपर्यंत अकरा मुली, त्यांच्या बाई आणि नवरा घराबाहेर पडून गेले होते.

मुली चौलच्या शाळेतल्या होत्या आणि निघाल्या होत्या घुमी बघायला. चौलच्या पश्चिमेला काळ्या कातळाचं एक टोक समुद्रात घुसलेलं आहे. त्याच्या पोटात देवळाच्या सभामंडपाएवढी गुहा, तीच घुमी. भरतीचं पाणी आत शिरू लागलं की गुहा घुमते, आणि तो आवाज थेट बाजारपेठेपर्यंत ऐकू येतो. मुंबईचे शौकीन लोक किहीमला यायचे, सुरूच्या सावलीत तीन दिवस लोळायचे आणि कंटाळले की घुमीची चौकशी करायचे. मग त्यांना जैबुन्निसाच्या नवऱ्याकडे, अब्दुस्समदकडे, पाठवलं जाई, कारण घुमीत जायचं तर पाणी विचारून जावं लागतं आणि पाणी सांगावं ते समदचाचानेच, अशी चाळीस वर्षांची रीत होती.

वाट कड्याच्या पायथ्याने खडकांवरून जाते. मधे एक सखल पट्टा लागतो, त्याला सगळे उंबरठा म्हणतात. पाणी पुरतं उतरलं, म्हणजे सुकती झाली, की त्याच्या आधी एक तास आणि नंतर एक तास उंबरठा उघडा असतो. मग तो बुडतो. आत राहिलेल्याला दुसरी वाट नाही, आणि भरती पुरी झाली की गुहेत छतापर्यंत पाणी असतं. गुहेच्या छताला एक भोक तेवढं आहे, वर कड्याच्या माथ्यावर उघडणारं. त्याला नाकपुडी म्हणतात. त्यातून उजेड येतो, आवाज जातो, मांजरही जाईल कदाचित, माणूस जात नाही.

या सहलीचं मूळ एका पुस्तकात होतं. शाळेच्या कुमुदबाईंनी मुंबईहून जगातल्या अजब जागांचं एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. त्यात अमेरिकेतला धबधबा होता, आइसलँडमधले जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे झरे होते, आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे कुणी घडवून बसवल्यासारखे सहा कोनांचे दगडी खांब होते. मुली डोळे विस्फारून बघत होत्या आणि कुणीतरी विचारलं, की बाई, असं आपल्याकडे काहीच कसं नाही? त्यावर जैबुन्निसाची नात फरिदा ताडकन उठली आणि म्हणाली, आमची घुमी आहे की. कुमुदबाई मूळच्या पुण्याच्या, त्यांनी घुमी पाहिलेली नव्हती. झालं, नाताळची सुट्टी लागायच्या आत घुमीला जायचं ठरलं. एकतीस साल सरत आलं होतं.

फरिदाने हे सगळं घरी येऊन तीनतीनदा सांगितलं होतं. जैबुन्निसाला तेव्हापासूनच धास्ती होती. घुमीची नव्हे, नवऱ्याची.

अब्दुस्समद हल्ली विसरत होता. गणपतीच्या सुमारास त्याने मुलाला, जलीलला, हमदुल्ला म्हणून हाक मारली. हमदुल्ला हा त्याचा भाऊ, वारून वीस वर्षं झालेला. जलील चमकला, तेव्हा जैबुन्निसा घाईने म्हणाली की तुझ्या कानात मळ झालाय. दुसऱ्या खेपेला तो बाजारातून घरी यायच्या ऐवजी उलटा रेवदंड्याच्या वाटेला लागला, तेव्हा तिने शेजारणीला सांगितलं की मीच पाठवलंय. डोळ्यांतही पडदा आला होता. त्याचा तिने बोभाटा केला नाही. ज्या माणसाला गाव पाणी विचारतं, त्याला तारीख आठवत नाही हे गावाला कळलं तर त्याचं उरणार काय, ही तिची भीती होती.

त्यातून तो दहा दिवस माणगावला लेकीकडे तापाने पडला होता आणि कालच तिन्हीसांजेला घरी पोचला होता. आल्या आल्या त्याने चांद कधी दिसला ते विचारलं. जैबुन्निसाने सांगितलं की या खेपेला एकोणतिसाव्याला आभाळ होतं, चांद दिसला नाही, म्हणून मशिदीत तीस पुरे धरले. वर आठवणही केली, "ह्या महिन्यात दोन मिळवायचे हां, एक न्हाय."

हे दोन मिळवणं काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाउणे तीन, म्हणजे पुरी भरती तीनला आणि सहा तास मागे गेलं की सुकती नऊला. हिंदूंचं सोपं आहे, ते पंचांगातली तिथी घेतात. अब्दुस्समदच्या घराण्यात मोजणी चांदाची, आणि चांद डोळ्यांना दिसल्यावर महिना धरत असल्यामुळे ती तिथीच्या एक दिवस मागे चालते. म्हणून त्याच्या बापाने शिकवलं होतं, चांदात एक मिळव, मग पाऊणपट कर. ज्या महिन्यात ढगामुळे तीस पुरे धरावे लागतात, त्या महिन्यात दोन मिळव.

सकाळी नऊच्या सुमाराला कुमुदबाई मुलींची रांग घेऊन दारात आल्या. अब्दुस्समद पडवीत बसला होता. त्याला दोन मिळवायचे हे पक्कं आठवत होतं, पण दोन कशात मिळवायचे तेच आठवत नव्हतं. तापात दिवस एकमेकांत मिसळून गेले होते. बायकोला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण बायकोला विचारायची त्याला लाज वाटली. त्याने सहज विचारल्यासारखं बाईंना विचारलं, "बाई, आज किती?"

कुमुदबाईंना वाटलं, चाचा तिथी विचारतायत. त्यांनी पंचांग बघूनच मुलींना बाहेर काढलं होतं. त्या म्हणाल्या, "चार."

मग अब्दुस्समद बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत ते वाक्य बोलला, जे आत चुलीपाशी जैबुन्निसाने ऐकलं आणि सोडून दिलं. भरती साडेचारला, सुकती साडेदहाला, उंबरठा साडेनऊपासून साडेअकरापर्यंत उघडा. वर्गात पाउणकीचा पाढा घोकून घेणाऱ्या कुमुदबाईंना हिशेब थोडा खटकला, पण चाळीस वर्षं पाणी सांगणाऱ्या माणसाला दोन वर्षांपूर्वी गावात आलेल्या मास्तरणीने काय विचारायचं, म्हणून त्या गप्प बसल्या. फरिदा आजोबांचा हात धरून पुढे, तिच्यामागे मुली, शेवटी बाई, अशी मिरवणूक निघाली.

दहा-पंधरा मिनिटांनी दुर्गाबाई आली. ती शेजारच्या नारळी-पोफळीच्या वाडीची मालकीण, आणि तिची राही त्या अकरा मुलींत होती. राही डोक्याला रुमाल बांधायचा विसरून गेली म्हणून रुमाल घेऊन ती मागून धावत आली होती, पण पोरी केव्हाच गेल्या होत्या. जैबुन्निसाने तिला बसवलं आणि कोरा चहा पुढे केला. तो तिच्याकडे दुर्गाबाई नेहमी घ्यायची, इथे सासू नाही ना बघायला. पण आज तिने कप सरकवला.

"आज नको, चाची. चतुर्थी आहे. नुसतं पाणी चालेल."

जैबुन्निसा पाणी आणायला वळली आणि माठापाशीच थांबली. आज चतुर्थी. म्हणजे तिथी चार. तिने स्वतःच्या मनात चांद मोजला. परवा संध्याकाळी दिसला, काल पहिला, आज दुसरा. दोन नि दोन चार. बरोबर. मग हे सहा कुठून आले? चार नि दोन सहा, असं म्हणाले होते. चारात दोन आधीच मिळवलेले होते. त्यांनी पुन्हा मिळवले.

साडेदहा नव्हे, सुकती नऊला होऊन गेली. उंबरठा दहाला बुडणार. आणि दोन मिळवा हे काल रात्री तिनेच तर बजावलं होतं.

"दुर्गाबाई, वाजले किती असतील?"

निघताना घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते, आता पावणेदहा असतील, असं दुर्गाबाईने सांगितलं. जैबुन्निसाने तिला सगळं दोन वाक्यांत सांगितलं. दुर्गाबाई उठून समुद्राकडे पळू लागली, तेव्हा जैबुन्निसाने तिचा दंड धरला. रिकाम्या हातांनी जाऊन उपयोग नव्हता. वाडीतल्या रहाटाचा दोर घे, सदा गड्याला घे आणि उंबरठ्याशी जा, असं तिने सांगितलं. मी वरून जाते. वरून का, ते सांगायला वेळ नव्हता.

कारण असं, की उंबरठ्यापासून गुहा दीडदोनशे पावलं आत आहे आणि लाटांच्या आवाजात तिथे हाक पोचत नाही. नाकपुडीतून पोचते. जैबुन्निसा साठीला आलेली बाई, गुडघे दुखणारी. ती लुगड्याचा काचा मारून कड्याची चढण चढू लागली. करवंदीच्या जाळ्यांत लुगडं अडकलं तेव्हा ते तिने सोडवलं नाही, ओढून फाडलं. उजव्या हाताला समुद्र दिसत होता, शांत, नाताळच्या उन्हात चकाकणारा. एखाद्या मुंबईकराने त्याचं चित्र काढलं असतं. जैबुन्निसाने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि कान मात्र खाली लावून ठेवला. घुमी अजून घुमत नव्हती.

चढता चढता तिला दुसरीच काळजी लागली. वरून ओरडून सांगायचं काय? तुमचा हिशेब चुकला, हे सांगितलं तर काय होईल ते तिला माहीत होतं. इतर बाबतींत तो तिचं ऐके, पाण्याच्या बाबतीत कुणाचंच नाही. तो तिथे उभा राहील, पेरांवर अंगठा फिरवील, चार नि दोन सहा, असं पुन्हा मोजील आणि सहाच येतील. बाई मधे बोलतील, तो चिडेल, पाच मिनिटं जातील. त्या पाच मिनिटांत उंबरठ्यावर पाणी कमरेएवढं होईल, आणि फरिदा आजोबांच्या कमरेएवढीच होती.

नाकपुडीशी ती पालथी पडली आणि तोंड भोकात घातलं. खालून गार, खारट वारा आला. मुलींचे आवाज येत होते. त्या आवाज घुमवून बघत होत्या, एकमेकींची नावं घेत होत्या, आणि मग सगळ्यांनी मिळून पाउणकी सुरू केली. एक पाउणे पाऊण, दोन पाउणे दीड, तीन पाउणे सव्वादोन. गुहेत ते किती गोड लागत असेल. चार पाउणे तीन, एवढं म्हणताना तरी कुणाच्या लक्षात यावं, असं तिला वाटून गेलं. कुणाच्याच आलं नाही.

तेव्हा तिने जे केलं ते तिने जन्मात केलं नव्हतं. जलील पहाटे मचव्यावर गेला होता, समुद्रात होता. मुलगा समुद्रात असताना ती घरात कात्रीसुद्धा उघडी ठेवायची नाही, भरल्या घागरीला पाय लागला तर दोनदा तोबा करायची. ती तोंडाने बोलली, "ऐकताव का? जलील पडला. मचव्यावरून पडला. पोरींना घ्या नि तसेच निघा. आताच्या आता."

खाली एकदम शांत झालं. मग फरिदाची किंकाळी आली, अब्बा म्हणून. मग अब्दुस्समदचा आवाज, तिला ओळखू येईना इतका म्हातारा. तो फक्त "चला" म्हणाला.

जैबुन्निसा कड्याच्या कडेला आली. तिथून उंबरठा दिसतो. दुर्गाबाई आणि सदा अलीकडच्या खडकावर उभे होते आणि मधलं पाणी खडकावरून वाहू लागलं होतं. सदाने दोराचं एक टोक सुळक्याला बांधलं आणि दुसरं कमरेला बांधून तो पलीकडे गेला. जाताना त्याला पाणी गुडघ्याला होतं. मुली कड्याच्या आडून बाहेर पडल्या. जैबुन्निसा मोजू लागली. तिला एवढंच करता येत होतं.

अब्दुस्समद सगळ्यांत पुढे होता आणि पाण्यापाशी येऊन तो थबकला. त्याच्या डोळ्यांत पडदा होता, पण पायांना पाणी कळत होतं. खालचं शेवाळ किनाऱ्याकडे झुकलेलं होतं, म्हणजे पाणी चढत होतं, आणि त्याला ते पायाने लागलं असणार. वरून तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो क्षणभरच थांबला, मग उंबरठ्याच्या ऐन मध्यावर जाऊन दोर दोन्ही हातांत घट्ट धरून उभा राहिला आणि मुलींना एकेक करून आपल्या अंगाआडून पुढे काढू लागला. तीन, चार, पाच. मांडीएवढं पाणी. सहावी घसरली, कालवांच्या धारेवर तिची पोटरी फाटली, त्याने तिला वेणीला धरून उभी केली. सात, आठ. राही आली, दुर्गाबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरून तिला घेऊन गेली. नऊ, दहा. कुमुदबाई आल्या, चष्मा गेलेला, पुस्तक डोक्यावर धरलेलं, जणू तेच वाचवायचं होतं. अकरावी दिसत नव्हती.

जैबुन्निसाने पुन्हा मोजलं. दहाच. मग तिला दिसलं की अब्दुस्समदच्या पाठीला काहीतरी चिकटलंय. फरिदा पहिल्यापासून त्याच्या पाठीवर होती. गळ्यात हात घालून, तोंड खुपसून. सदाला पुढे काढून तो तिला घेऊन सगळ्यांच्या शेवटी बाहेर आला.

ती खाली वाळूत उतरेपर्यंत बायामाणसं जमली होती. मुली थरथरत होत्या, दुर्गाबाई राहीला पोटाशी धरून रडत होती. कुमुदबाई सगळ्यांना सांगत होत्या की चूक माझी, हिशेब खटकला तेव्हाच मी विचारायला हवं होतं. अब्दुस्समद ओला तसाच बसला होता. बायको दिसताच त्याने विचारलं, "जलील?"

"जलील मचव्यावर हाय. त्याला काय झालं न्हाय," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

फरिदाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जैबुन्निसाला ती नजर पुढे बरीच वर्षं आठवत राहिली. अब्दुस्समदने ओल्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला, चारपाशी थांबला, बराच वेळ थांबला. तेवढ्यात कड्यातून आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग भरदार, छातीत जाणवणारा. घुमी घुमत होती. मुली रडायच्या थांबल्या आणि ऐकू लागल्या.

आताही तिने काहीतरी सांगून त्याला झाकलं असतं. बाईंनी तिथी सांगितली, यांनी चांद समजला, कुणाकडूनही झालं असतं, असं ती म्हणणारही होती, आणि ते खोटंही नव्हतं. पण तोच उठला आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "बाई, चूक तुमची न्हाय. आज कितवा चांद ते मला आठवत नव्हतं. हल्ली मला आठवत न्हाय. यापुढं घुमीला जायचं तर हिला विचारा."

जैबुन्निसाने त्याच्या खांद्यावरचं शेवाळ काढलं.

दिवसभर ती जेवली नाही. दुर्गाबाईने भाजलेली रताळी पाठवली, ती तशीच राहिली. मुली वाचल्या, नवरा वाचला, पण तोंडातून जे निघालं होतं ते परत घेता येत नव्हतं, आणि समुद्राने ते ऐकलं असेल तर? ती पुन्हा पुन्हा दारात जाऊन शिडं बघत राहिली. इतरांचे मचवे परतले तरी जलीलचा दिसेना. दिवेलागणीला तो हातात सुरमई घेऊन, अगदी रोजच्यासारखा भुकेला होऊन आला. आईने त्याचे हात, खांदे, डोकं असं सगळं चाचपून बघितलं. तो म्हणाला, वारा पडला म्हणून उशीर झाला, त्यात एवढं काय? फरिदा त्याच्या कमरेला मिठी मारून बसली ती सोडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैबुन्निसा तांदूळ निवडत होती. पडवीतून नवऱ्याची हाक आली. या खेपेला तिने ती सोडून दिली नाही, सूप खाली ठेवलं आणि बाहेर गेली. किहीमला उतरलेल्या कुणा पाहुण्यांचा माणूस अंगणात उभा होता, त्यांना घुमी बघायची होती. अब्दुस्समदचे दोन्ही हात मांडीवर होते. पेरांवर अंगठा फिरत नव्हता.

आज किती, असं तो विचारील असं तिला वाटलं होतं. आकडा ती देईल आणि बाकीचं तो करील, एवढं तरी त्याच्याकडे राहील, असं तिने रात्री मनाशी ठरवलं होतं.

"पाणी कधी हाय?" त्याने विचारलं.

जैबुन्निसा म्हणाली, "पाच पाउणे पावणेचार. सुकती पावणेदहाला."

त्याने मान हलवली आणि पाहुण्यांच्या माणसाला म्हणाला, "ऐकलंस ना? पावणेदहा."